दिल्या शब्दाला जागताना

“पुढच्या रविवारी नक्की जाऊ हं, बाळा!” कामावर निघायच्या घाईत, चप्पल पायात सरकवता सरकवता वडील मुलाला सांगून जातात. मूल आनंदाने उड्या मारते. रविवार उजाडतो. वडिलांना आठवड्याचा शीण असतो, नाहीतर अचानक पाहुणे येतात, नाहीतर महिनाअखेर असते. मग पुन्हा, “पुढच्या रविवारी नक्की.” असे तीन-चार रविवार गेले, की मूल हट्ट करायचे सोडून देते. घरातल्या मंडळींना वाटते, पोर शहाणे झाले. खरे तर ते एवढेच शिकलेले असते, की बाबांच्या ‘नक्की’ला फारसा अर्थ नसतो.

मोठ्यांच्या जगातही हेच चालते. “पगार झाला की तुमचे पैसे देतो.” “दिवाळीनंतर आईला माझ्याकडे घेऊन जाईन.” “तुमच्या मुलासाठी साहेबांशी नक्की बोलतो.” असे शब्द दिवसभरात कितीतरी दिले जातात आणि संध्याकाळपर्यंत विसरलेही जातात. शब्द देणारा माणूस लबाड असतोच असे नाही. देताना तो मनापासून देत असतो. पुढे पाळायची वेळ येते, तेव्हा त्याचा हात आखडतो.

हात का आखडतो? जरा खोलात गेले, तर बहुतेक वेळा तिथे भीती सापडते. हे पैसे देऊन टाकले, तर महिना कसा निघेल? आईला घरी आणले, तर घरातले कसे निभेल? साहेबांशी बोललो आणि त्यांना राग आला तर? शब्द पाळला तर आपल्या वाट्याला काही उरणार नाही, अशी ही धास्ती असते. म्हणजे दिलेला शब्द पाळण्याचा प्रश्न शेवटी एका दुसऱ्या प्रश्नापाशी येऊन थांबतो: आपली काळजी घेणारा कुणी आहे, यावर आपला विश्वास आहे का?

ख्रिस्ती श्रद्धेत या दोन गोष्टी एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत. देव शब्द देतो आणि पाळतो, हा एक भाग. त्याच्या शब्दावर विसंबणाऱ्या माणसानेही आपल्या शब्दाला जागावे, हा दुसरा. पहिला भाग प्रार्थनेत आठवतो; दुसरा व्यवहारात येताच निसटून जातो.

वचन मिळाले, तरी किंमत मोजली

बायबलमध्ये वचनाची गोष्ट अब्राहामापासून सुरू होते. देवाच्या सांगण्यावरून त्याने घरदार सोडले, तेव्हा त्याचे वय ७५ वर्षांचे होते. त्याच्यापासून मोठे राष्ट्र होईल आणि कनान देश त्याच्या वंशजांना मिळेल, असे देवाने त्याला सांगितले. त्या वेळी त्याला एकही मूल नव्हते. इसहाक जन्मला, तेव्हा अब्राहामाचे वय १०० होते. मधली २५ वर्षे वाट पाहण्यात गेली.

ही २५ वर्षे काही शांतपणे गेली नाहीत. उशीर होतो आहे असे वाटून अब्राहाम आणि सारा यांनी स्वतःच वाट काढली. दासी हागार हिच्यापासून मुलगा झाला आणि त्यातून घरात भांडणे उभी राहिली. पुढे म्हातारपणी मूल होणार हे ऐकून सारा हसली. मुलाचे नाव इसहाक ठेवले गेले; त्या नावातच हसण्याचा अर्थ आहे. बायबल आपल्या मोठ्या माणसांचा उतावळेपणा झाकून ठेवत नाही. विश्वास म्हणजे कधीच न डगमगणे, असे त्या कथेत नाही. डगमगून पुन्हा वाटेवर येणे असे आहे.

याच कथेतला आणखी एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. सारा वारली, तेव्हा तिला पुरायला अब्राहामाकडे हातभरही जमीन नव्हती. ज्या देशाचे वचन त्याला मिळाले होते, त्याच देशात तो उपरा होता. त्याने तिथल्या हेथी लोकांना विनंती केली आणि एफ्रोन नावाच्या माणसाची मकपेला येथील गुहा मागितली. एफ्रोन म्हणाला, जागा अशीच घ्या. अब्राहामाने ते मान्य केले नाही. त्याने व्यापाऱ्यांच्या वजनाप्रमाणे ४०० शेकेल चांदी लोकांच्या समोर तोलून दिली आणि मगच जागा घेतली.

हा देश देवाने मला द्यायचे कबूल केले आहे, मग पैसे कशाला मोजू, असे त्याला म्हणता आले असते. तो तसे म्हणाला नाही. देवाचे वचन हे त्याने दुसऱ्याचे बुडवण्याचे निमित्त केले नाही. उलट, एक ना एक दिवस सारा देश मिळणार हा भरवसा होता, म्हणूनच चारशे शेकेल मोजताना त्याचा हात आखडला नसावा. देवावर विश्वास असलेल्या माणसाचा व्यवहार कसा असावा, हे या एका खरेदीत दिसते.

दुष्काळात वाढलेली मुलगी

ही झाली हजारो वर्षांपूर्वीची कथा. महाराष्ट्राच्या मातीत, अगदी नोंदी आणि तारखांसह पाहता येईल असे एक चरित्र आहे, पंडिता रमाबाईंचे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे विद्वान. मुलींना संस्कृत शिकवू नये अशा काळात त्यांनी आपल्या पत्नीला शिकवले आणि त्या माउलीने लेकीला. हे कुटुंब पुराणे सांगत देशभर तीर्थयात्रा करत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. आईवडील गेले, मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

ही दोघे भावंडे पायी हजारो मैल हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हते. तेव्हा वाळूत खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून आणि अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आतच त्या विधवा झाल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या बालविधवांची स्थिती गावोगाव सांगितली आणि तिच्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. विधवांसाठी काढायच्या शाळेला दहा वर्षे मदत करू, असा शब्द त्या मंडळींनी दिला. त्या जोरावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

शारदा सदन काढताना रमाबाईंनीही एक शब्द दिला होता. इथे कुणावर धर्म लादला जाणार नाही. मुलींना आपापल्या जातीधर्माचे आचार पाळायची मोकळीक राहील. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली, ती या शब्दावर.

रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह रोज प्रार्थना करत. दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही आणि हाकलूनही दिले नाही. ही गोष्ट बाहेर गेली आणि पुण्यात गदारोळ झाला. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की कुणावर धर्म लादणार नाही हा शब्द पाळला आहे. स्वतःची श्रद्धा कोंडून ठेवीन असा शब्द कधी दिला नव्हता. पालकांचे म्हणणे असे, की कोवळ्या वयाच्या मुलींना गुरूचे नुसते वागणेही ओढून नेते. आम्ही विश्वासाने मुली पाठवल्या त्या यासाठी नव्हेत.

शंभराहून अधिक वर्षांनंतर या वादाचा निवाडा करत बसण्याची गरज नाही. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. शिकण्यासारखे आहे ते एवढेच, की एकच शब्द देणाऱ्याने एका अर्थाने दिला होता आणि घेणाऱ्याने दुसऱ्या अर्थाने घेतला होता. घरातही असेच होते. “तुला शिकवीन” असे नवरा लग्नाआधी म्हणतो. त्याच्या मनात शिवणाचा वर्ग असतो आणि तिच्या मनात बी.ए.ची पदवी. “आईबाबांचे मी बघेन” असे धाकटा भाऊ म्हणतो. थोरल्याला वाटते, आता आपली जबाबदारी संपली. मग पुढे दोघेही म्हणतात, समोरच्याने शब्द फिरवला. शब्द पाळण्याची पहिली पायरी म्हणजे काय कबूल करतो आहोत आणि काय करत नाही, हे त्याच वेळी स्पष्ट बोलणे. ते बोलायला अवघड जाते. पण नंतरच्या कडवटपणापेक्षा ते बरे.

बोस्टनच्या मंडळींनी मात्र या वादात आपला पाठिंबा काढून घेतला नाही. सदन चालू राहिले.

मुदत संपली तेव्हा

दहा वर्षे म्हणता म्हणता सरतात. मुदत संपल्यावर काय, हा विचार रमाबाईंच्या मनात होता. पुणे-सोलापूर लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे केडगाव आहे. तिथे त्यांनी १८९० च्या दशकाच्या मध्यात सुमारे १०० एकर जमीन घेतली आणि फळबाग लावली. पुढे बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा बेत होता.

याच काळात त्यांनी ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले होते. म्यूलर यांनी १८३६ पासून अनाथालये चालवली. हजारो मुलांना सांभाळताना त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही; गरज फक्त देवाला सांगायची, असा त्यांचा नेम होता. आलेल्या पै-पैचा हिशेब मात्र ते दर वर्षी छापून लोकांपुढे ठेवत. देव पुरवील हा भरवसा आणि हिशेबाची वही, या दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच टेबलावर असत.

बाग अजून मोठी झाली नव्हती, तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भुकेल्या माणसांच्या बातम्या येऊ लागल्या. विसाच्या आसपासच्या वयात स्वतः भोगलेले सारे रमाबाईंच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. व्यवहारी माणसाने त्यांना हेच सांगितले असते, की मदतीची मुदत संपत आली आहे, आहेत त्या मुलींचे आधी पाहा. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि त्या दुष्काळातून त्यांनी सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. तेव्हा केडगावच्या माळावर झोपड्या आणि तंबू उभारून त्यांची सोय केली. तेच पुढे ‘मुक्ती सदन’ झाले.

१८९८ मध्ये मुदत संपली. बोस्टनकरांनी आपला दहा वर्षांचा शब्द पुरा केला होता. रमाबाई अमेरिकेला जाऊन आल्या. तिथे मदतीसाठी नवी संस्थाही उभी राहिली. पण मुक्तीतली तोंडे इतकी होती, की कुठल्याही ठरलेल्या रकमेत ती मावणारी नव्हती. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत आणि राजस्थानात ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जाणारा भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंनी पुन्हा मुली आणल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

अमुक इतक्या मुली ठेवीन, असे त्यांनी कुणाला लिहून दिले नव्हते. पण भुकेल्या मुलीचा हात धरून तिला गाडीत बसवणे, हाही एक शब्दच असतो. तो तोंडाने द्यावा लागत नाही. तिला पुढच्या स्टेशनवर उतरवून देता येत नाही. आपल्याकडे कोणतेही ठरलेले उत्पन्न नाही, बँकेत शिल्लक नाही, रोजची भाकरी रोज देवाच्या हातून येते, अशा अर्थाचे रमाबाईंनी पुढे लिहिले आहे. हे लिहिणारी बाई दोन हजार माणसांच्या चुली पेटत्या ठेवत होती.

विहीरही खणली, प्रार्थनाही केली

देवावर भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, अशी एक समजूत आहे. मुक्तीकडे पाहिले, तर ती टिकत नाही. तिथे कोरड्या माळावर विहिरी खणल्या गेल्या. शेती, गाईगुरे, विणकाम, शिवण, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. अंधांसाठी ‘बर्तिमी सदन’ सुरू झाले. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेऊन तिथे शिकवली. पहाटेची प्रार्थना संपली, की प्रत्येकीच्या हाताला काम असे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे सारे गोडगोड वाटेल. वाचवून आणलेल्या सगळ्याच मुली जगल्या नाहीत. उपासमारीने शरीराची चाळण झालेल्या कित्येकींना अन्न मिळूनही यश आले नाही. रमाबाईंच्या स्वतःच्या घरातही देवाने दुःख येऊ दिले. आईकडून कामाची धुरा घेणाऱ्या मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, वारल्या. एकुलती एक लेक.

इथे प्रश्न उभा राहतोच, की मग देवाने कोणते वचन पाळले? बायबलमध्ये देवाने आपल्या माणसांना दुष्काळ येणार नाही, आजार येणार नाही, मुले आईच्या आधी जाणार नाहीत, असे वचन दिलेले नाही. मी तुमच्याबरोबर असेन, तुम्हाला टाकणार नाही, आणि शेवटी मरणाचेही काही चालणार नाही, असे वचन दिले आहे. येशू ख्रिस्ताच्या क्रूसाकडे आणि पुनरुत्थानाकडे ख्रिस्ती माणूस त्या वचनावरची सही म्हणून पाहतो. न दिलेले वचन देवाच्या नावावर खपवले, तर पहिल्याच संकटात श्रद्धा मोडते आणि दोष देवाला लागतो. देवाने काय कबूल केले आहे, हेही माणसाने नीट वाचून घ्यावे लागते.

रमाबाईंनी एक काम अंगावर घेतले होते. खेड्यातल्या अडाणी बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणायचे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंधराहून अधिक वर्षे हे काम चालले. खिळे जुळवणे, मुद्रिते काढणे, छापणे, सारे मुक्तीतल्याच मुली करत. लेक गेल्यावर, तब्येत खचल्यावरही त्यांनी ते सोडले नाही. भाषांतराचे काम हातावेगळे केल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेवला. १९२४ मध्ये ते बायबल छापून बाहेर पडले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांना सांभाळते आहे.

आपल्या घरात

रमाबाई होणे प्रत्येकाला जमणारे नाही आणि कुणी तसे मागतही नाही. पण घरातल्या घरात शब्दाला जागणे प्रत्येकाच्या आवाक्यात आहे.

पहिली गोष्ट, शब्द कमी द्यावेत. येशूने डोंगरावर बसून लोकांना शिकवले, तेव्हा शपथा वाहू नका, तुमचे होय ते होय असू द्या आणि नाही ते नाही, अशा अर्थाचे सांगितले. ज्याच्या साध्या ‘हो’वर घर विसंबते, त्याला ‘देवाशप्पथ’ म्हणावे लागत नाही. नाही म्हणायची भीड वाटते म्हणून हो म्हणणे ही दुसऱ्यावर केलेली मेहेरबानी नसते. त्यात तो नाहक ताटकळतो.

दुसरी गोष्ट, जमत नसेल तर आधी सांगावे. ज्याचे पैसे द्यायचे आहेत, त्याला बघून रस्ता बदलणारे लोक पुष्कळ असतात. त्याच्या दारी स्वतः जाऊन, “या महिन्यात अर्धेच जमले आहेत, उरलेले दोन हप्त्यांत देईन,” असे सांगणारा क्वचित. पहिल्याने पैसे आणि मैत्री दोन्ही गमावलेली असतात. दुसऱ्याचे कर्ज बाकी राहते, पण पत शाबूत राहते.

तिसरी गोष्ट देवाच्या नावाची. ‘प्रभूची इच्छा असली तर’ असे ख्रिस्ती घरांतून सहज म्हटले जाते. उद्याचा दिवस आपल्या हातात नाही, ही नम्रता त्यात आहे. पण कधी कधी तीच पळवाट होते. मंडळीच्या सभेत कुणी विचारते, “आजारी आजींना भेटायला याल ना?” उत्तर येते, “प्रभूची इच्छा असली तर.” आजींना भेटायला जाण्यात प्रभूची इच्छा काय असणार, हे विचारायची गरज नसते. आपली इच्छा नसते आणि तिच्यावर देवाचे नाव पांघरले जाते.

चौथी गोष्ट, जी शपथ रोज पाळायची असते ती सर्वांत सहज विसरली जाते. चर्चमध्ये वधूवर एकमेकांना वचन देतात, ते सुखाच्या दिवसांइतकेच आजारपणाचे आणि गरिबीचेही असते. ते बोलताना नवे कपडे, फुले, वाजंत्री असते. पाळायचे असते ते इस्पितळाच्या बाकड्यावर, रात्री दोन वाजता, थर्मासमधला चहा निवून गेलेला असताना. तिथे बसलेला नवरा किंवा बायको कुठलेही भाषण करत नाही. वचन पाळले जात असते.

मोडलेल्या शब्दाचे काय?

हे वाचताना ज्याला आपले मोडलेले शब्द आठवतील, त्याच्यासाठी पेत्राची गोष्ट आहे. सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही, असे त्याने येशूला छातीठोकपणे सांगितले होते. त्याच रात्री, महायाजकाच्या वाड्यात पेटवलेल्या कोळशाच्या शेकोटीजवळ, त्याने तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटले. कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला. त्याचा शब्द मोडला तोही भीतीनेच.

योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्या पुढची एक सकाळ आहे. पुनरुत्थानानंतर येशू सरोवराच्या काठी उभा आहे. तिथेही कोळशाची शेकोटी पेटलेली आहे, तिच्यावर मासळी भाजते आहे. जेवण झाल्यावर येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? जितक्यांदा नाकारले, तितक्यांदा पुन्हा हो म्हणायची संधी. आणि प्रत्येक वेळी एक काम सोपवले जाते: माझ्या मेंढरांना सांभाळ. ज्याने शब्द मोडला, त्याच्यावर पुन्हा विश्वास टाकला गेला. देवाने आपला शब्द पाळला, म्हणून पेत्राला आपला शब्द पुन्हा उचलता आला. पुढे तो त्याने पाळला.

तेव्हा कुठल्यातरी रविवारी, मुलाने हट्ट करणे सोडून दिले असले तरी, वडिलांनी त्याच्याजवळ बसावे. कामाची, पाहुण्यांची, महिनाअखेरीची कारणे सांगू नयेत. “बाळा, तीन रविवार मी तुला हो म्हणालो आणि नेले नाही. माझे चुकले,” एवढेच म्हणावे. मूल काही वेळ बघत राहील. त्याला खरे वाटायला थोडा उशीर लागेल.

मग त्याला चप्पल घालायला सांगावे आणि दार उघडावे.